'स्टेकहोल्डर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
चाकणजवळच्या एका परदेशी कंपनीच्या वार्षिक अहवालाचा गोषवारा आसपासच्या गावांसाठी मराठीत करतेय. मूळ अहवालात पानोपानी 'स्टेकहोल्डर' आहे, म्हणजे कंपनीच्या बऱ्यावाईटाशी ज्यांचा संबंध येतो ते सगळे. मी 'भागधारक' लिहिलं. मसुदा गावात वाचून दाखवला तेव्हा एक आजोबा म्हणाले, "ताई, आमच्या नावावर कुठं शेअर आहेत?" मग 'हितधारक' लिहू का?

उत्तर
आजोबांचं बरोबर आहे. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर. 'हितधारक' सरकारी कागदांत रुळलाय, पण बोलण्यात कोणी वापरत नाही. 'हितसंबंधी' तर नकोच. मराठीत हितसंबंध 'गुंतलेले' असतात नाहीतर 'जपले' जातात, आणि दोन्हीकडे संशयाचा वास येतो. वर्तमानपत्रं 'सर्व संबंधित घटक' लिहितात. मला तो सगळ्यांत जास्त खटकतो, त्यात एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही.

गोंधळ एकट्या मराठीचा नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १६६ संचालकांना भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहायला सांगतं. त्याच कायद्यातल्या कलम १७८ प्रमाणे एक हजाराहून जास्त भागधारक, कर्जरोखेधारक, ठेवीदार वगैरे असतील तर 'स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी' नेमावी लागते. नावात स्टेकहोल्डर, पण काम रोखेधारकांच्या तक्रारी सोडवण्याचं. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला त्या समितीत जागा नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलाय. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं, वीज जाणार होती मुंबईला. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. बुडणाऱ्या बऱ्याच जमिनी कागदावर सावकारांच्या होत्या, आणि नुकसानभरपाई मिळते म्हटल्यावर त्यांतले अनेक जण राजी झाले. जमीन कसणाऱ्याचं काय? त्याच्याकडे ना शेअर, ना सातबारा. पण सर्वस्व त्याचंच जात होतं. पुढे मराठीने 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द घडवले. उच्चारले की काय घडलंय ते लगेच कळतं.

दुसरं मत
पण 'ग्रस्त' सगळ्यांना कसा लागेल? कंपनीतला कामगार काही कंपनीग्रस्त नव्हे. मला 'वाटेकरी' सुचतो. शेतात वाटेकरी असतात, सुखदुःखाचेही असतात.

पुन्हा पहिले उत्तरकर्ते
'वाटेकरी' फार गोड शब्द आहे, म्हणूनच भीती वाटते. वाटेकऱ्याला खळ्यावर आपला वाटा मागता येतो. तो द्यायचं कंपनीने कबूल केलंय का? नसेल, तर हा शब्द गावाला खोटी आशा लावेल. ताई, मथळ्यात 'हितधारक' ठेवा आणि खाली प्रत्येक ठिकाणी माणसांची नावं घ्या: कंत्राटी कामगार, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार, सांडपाण्याच्या ओढ्याकाठचे शेतकरी. वाक्य लांबलं तर लांबू द्या.

प्रश्नकर्ती
तसंच केलं. 'हितधारकांशी संवाद साधला' याचं आता 'ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांशी आणि कंत्राटी कामगारांशी बोललो' झालंय. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मसुदा परत पाठवलाय. शेरा असा: 'कंत्राटी कामगारांशी बैठक झालेली नाही, उल्लेख काढावा.' मी काढलेला नाही. बैठक कधी घेणार, एवढंच विचारलंय.