सर्बिटन म्हणजे सबर्ब नव्हे

प्रश्न : लंडनच्या नैऋत्येला असलेल्या सर्बिटनचं नाव 'सबर्ब'वरूनच आलं असेल ना? मराठीत त्याला उपनगर म्हणावं की नगर?

उत्तर : नाही, साम्य फक्त कानाला जाणवणारं आहे. 'सबर्ब' लॅटिनमधला : 'सब' म्हणजे खाली, लगत आणि 'उर्ब्स' म्हणजे शहर. सर्बिटन जुन्या इंग्रजीतलं. 'सुथ' दक्षिण, 'बेरे' जव, 'टुन' कुंपणातली वस्ती. 'बेरेटुन' म्हणजे मोठ्या जहागिरीची धान्य पिकवायची, साठवायची वाडी. चुकतं ते फोड करताना : 'बि' आणि 'टन' एकत्रच ठेवायचे. पडताळा शेजारीच आहे, उत्तरेची वाडी नॉर्बिटन. दोन्हीकडे 'थ' गळलाय. 'टुन'ला 'वाडी'च बसतं. तीही मुळात कुंपण घातलेली जागा.

पुरवणी : सर्बिटनला लागूनच असलेल्या किंग्स्टनचीही अशीच चुकीची फोड करतात. तिथे राज्याभिषेकाचा दगड दाखवतात, म्हणून 'किंग' अधिक 'स्टोन'. पण 838 च्या नोंदीत 'क्यूनिंगेस टुन' आहे, म्हणजे राजाची वाडी. राजा अ‍ॅथेलस्टनचा राज्याभिषेक तिथे 925 मध्ये झाला, नाव त्याआधीचं.

उत्तर : उपनगर की नगर, हे सालावर ठरवा. 1838 मध्ये लंडनमधल्या नाइन एल्म्सपासून सरेमधल्या वोकिंगपर्यंत रेल्वे सुरू झाली, ती किंग्स्टनला बगल देऊन दक्षिणेच्या टेकडीतून खोदून नेली. स्टेशन सर्बिटनच्या शेतांत, पाटी मात्र 'किंग्स्टन'. भोवती उठलेल्या वस्तीला लोक 'किंग्स्टन-अपॉन-रेल्वे' म्हणू लागले. मूळ गाव 'अपॉन टेम्स', म्हणून ही जोडी. भाषांतरात 'टेम्सकाठचं' चालतं, पण रेल्वेला काठ नसतो. तिथे 'रेल्वेलगतचं' घ्या. जुन्या किंग्स्टनला स्वतःचं स्टेशन 1863 मध्ये मिळालं.

म्हणजे ही वस्ती लंडन पसरत पसरत आलं म्हणून झाली नाही, स्टेशनमुळे झाली. 1936 मध्ये तिला स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा मिळाला, तेव्हा ती सरे परगण्यात होती. 1965 मध्ये ती किंग्स्टन बरोसकट (बरो म्हणजे स्वतःची पालिका असलेला विभाग) बृहन्लंडनमध्ये गेली. मराठी वाचक 'उपनगर' म्हटलं की मुंबईच्या महापालिकेतलंच अंधेरी-बोरिवली समजतो. म्हणून 1965 आधीच्या मजकुरात 'नगर' लिहा, पुढच्या काळासाठी 'उपनगर'. एकाच लेखात दोन्ही काळ असतील तर पहिल्या उल्लेखालाच 'तेव्हाचं सरेमधलं नगर' असं स्पष्ट करा.