मदत हवी आहे : पुण्याहून मित्र ड्रेस्डेनला येत आहेत, भटकंतीची आखणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीतील ड्रेस्डेन येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. महाविद्यालयाच्या दिवसांत ज्यांच्याबरोबर सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले, असे माझे तीन जुने मित्र मे महिन्याच्या अखेरीस पुण्याहून येथे येत असून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतणार आहेत. व्हिसा, विमा आणि विमानाची तिकिटे ही कामे त्यांनी मार्गी लावली आहेत. रोज कुठे जायचे, कसे जायचे आणि काय खायचे हे मात्र सर्वस्वी माझ्यावर सोपवले आहे. त्याबाबत येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मुख्य अडचण अशी की तिघांपैकी एकाने पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि स्वित्झर्लंड अशी यादी पाठवली आहे. ड्रेस्डेन जर्मनीच्या पूर्व भागात असल्यामुळे येथून पॅरिसला रेल्वेने जायचे तर जवळजवळ अख्खा दिवस प्रवासात जातो आणि स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनचीही तीच कथा आहे. इतक्या लांब येऊन निम्मा वेळ डब्यात बसून काढण्यापेक्षा ड्रेस्डेनमध्येच मुक्काम ठेवावा, रोज सकाळी निघावे, संध्याकाळी परतावे आणि अंधार पडेपर्यंत एल्बे नदीच्या काठावरील गवतावर गप्पा मारत बसावे, असे मला मनापासून वाटते. त्या दिवसांत येथे नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे फिरून आल्यावरही पुष्कळ उजेड हाताशी असतो. शिवाय पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचे दिवस वगळता माझी व्याख्याने आणि प्रयोगशाळेतले काम चालूच राहणार आहे, म्हणजे काही दिवस त्यांना माझ्याशिवाय हिंडावे लागेल.

आतापर्यंत मनात असलेली आखणी अशी आहे. पहिला मान सॅक्सन स्वित्झर्लंडचा. नावात स्वित्झर्लंड असले तरी हा वालुकाश्माच्या सुळक्यांचा प्रदेश ड्रेस्डेनच्या आग्नेयेस, एल्बेच्या दोन्ही काठांवर पसरलेला आहे आणि त्याचा काही भाग १९९० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. एस-१ ही उपनगरी गाडी पाऊण तासाच्या आत राटेनला पोहोचवते. स्थानक नदीच्या एका काठावर आणि गाव दुसऱ्या काठावर असल्याने तिथे दोराला बांधलेल्या, प्रवाहाच्या जोरावर सरकणाऱ्या नावेतून पलीकडे जायचे आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी बास्टायच्या कड्यावर चढायचे. तिथला १८५१ साली बांधलेला दगडी पूल आणि जवळजवळ १९० मीटर खाली दिसणारे एल्बेचे वळण पाहून किल्ले हिंडलेली मंडळी हरखून जातील याबद्दल मला शंका नाही. एक दिवस प्राग, एक दिवस माइसेन किंवा ग्योर्लित्स आणि उरलेला वेळ ड्रेस्डेन शहरासाठी, असा विचार आहे. बर्लिनला जावे की नाही याबाबत मात्र मन ठरत नाही.

आता प्रश्न. प्रवासासाठी तिघांनी डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांत चालणारे मासिक तिकीट) घ्यावे का? ते २०२६ पासून महिना ६३ युरो झाले असून कॅलेंडरच्या महिन्यापुरतेच चालते, आणि त्यांचा मुक्काम नेमका दोन महिन्यांत विभागलेला आहे. म्हणजे प्रत्येकी १२६ युरो. एका मित्राच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून त्याला सपाट रस्त्यावर कितीही चालता येते, परंतु सलग चढण आणि विशेषतः उतरण सोसत नाही. त्याला कड्याखाली बसवून आम्ही वर जाणे मला पटत नाही. दुसरा मित्र शाकाहारी असून अंडेही खात नाही. तिसऱ्याची (हाच तो पॅरिसवाला) अशी इच्छा आहे की एक रात्र आपण राजमाचीला झोपायचो तसे एखाद्या कपारीत झोपावे. माझी वसतिगृहातील खोली इतकी लहान आहे की तिथे चौघे झोपणे शक्य नाही, म्हणून त्यांच्यासाठी नॉयश्टाट भागातील हॉस्टेलमध्ये खाटा पाहत आहे. तो भाग योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

धन्यवाद.

प्रतिसाद – १

ड्रेस्डेनमध्ये काही वर्षे राहून नुकतीच लायप्सिगला आले आहे, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहिते.

डॉइचलांड-तिकीट त्यांच्यासाठी घेऊ नका. ते व्यक्तिगत असते, वर्गणीच्या स्वरूपात विकले जाते आणि ज्या महिन्याच्या अखेरीस बंद करायचे त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे लागते, अन्यथा पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. पाहुण्यांनी हे सारे सोपस्कार करून दोन महिन्यांचे पैसे भरावेत इतका प्रवास तुम्ही करणार नाही. लांबच्या दिवसांसाठी सॅक्सनी-तिकीट हे एका दिवसाचे तिकीट पाहा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो आणि माणसे वाढली की डोईचा खर्च उतरत जातो. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतर चालते, शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मात्र पहाटेच्या गाडीतही चालते. जवळच्या सहलींना, म्हणजे राटेन किंवा माइसेनला, ड्रेस्डेन परिसराच्या वाहतूक संघाचे लहान गटासाठीचे दिवसाचे तिकीट पुरेसे होते. ही सगळी तिकिटे फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतात, हे तिघांना आधीच समजावून सांगा, कारण फलाटावर आधी आलेल्या वेगवान गाडीत चढण्याचा मोह तिकीट तपासनीस फार महागात पाडतो.

गुडघ्याच्या मित्राबद्दल वाचून बरे वाटले की तुम्ही त्याला खाली बसवून ठेवण्याचा विचार करत नाही आहात. बास्टायला पिर्नाहून बस जाते आणि ती जवळजवळ कड्यापर्यंत नेऊन सोडते. तुम्ही दोघे राटेनहून चढा, तो एका सोबत्यासह बसने येईल, पुलावर भेटा. परतताना मात्र श्वेडनल्योखर या घळीतून उतरणाऱ्या वाटेवर त्याला अजिबात नेऊ नका. त्या वाटेवर सुमारे ७०० पायऱ्या आहेत. धडधाकट माणसांसाठी मात्र ती वाट बास्टायपेक्षाही सुंदर आहे, असे माझे मत आहे, कारण पुलावर जेवढी गर्दी असते तिच्या निम्मीही तिथे नसते.

नॉयश्टाट उत्तम आहे. रात्री गोंगाट असतो, पण खाण्यापिण्याची सोय पायाशी असते.

प्रतिसाद – २

किल्ल्यांच्या मंडळींना क्योनिगश्टाइन दाखवला नाही तर ते तुम्हाला क्षमा करणार नाहीत. एल्बेपासून सुमारे २४० मीटर उंचावर, साडेनऊ हेक्टरांच्या सपाट माथ्यावर पसरलेला हा किल्ला शत्रूला लढून कधीही जिंकता आला नाही. माथ्यावर दीडशे मीटरांहून खोल खणलेली विहीर आहे. आपल्याकडच्या गडांवरची कातळटाकी पाहिलेल्या माणसाला तिची खोली पाहून वेगळाच अचंबा वाटतो. १८४८ साली एक धुराडी साफ करणारा तरुण भिंतीच्या फटीतून कोणत्याही साधनाविना हा गड चढून गेला होता, ती जागा अजून दाखवतात. तिथे उभे राहून तुम्हाला हिरकणी आठवली नाही तरच नवल. गुडघ्याची चिंता नको. गावातून वर जाण्यासाठी वाहन मिळते आणि तटबंदीवर चढण्यासाठी लिफ्ट आहे. शिवाय स्थानक आणि किल्ला नदीच्या एकाच काठावर असल्याने नावेची भानगड नाही.

कपारीत झोपण्याचा बेत मात्र मित्राला सोडायला सांगा. राष्ट्रीय उद्यानात कड्याखाली रात्र काढण्याची मुभा केवळ गिर्यारोहकांना, तीही ठरवून दिलेल्या जागीच आहे, आणि जूनच्या मध्यापर्यंत तर त्या जागाही बंद असतात. शेकोटी पेटवण्याचा प्रश्नच येत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात सीमेच्या दोन्ही बाजूंना प्रचंड वणवा लागला होता, तेव्हापासून उद्यानाचे रक्षक याबाबत कोणाचीही गय करत नाहीत.

प्रागला जाणार असाल तर वेगवान गाडीचे तिकीट आधीच काढा, म्हणजे ते पुष्कळ स्वस्त मिळते, आणि जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या पकडा, कारण कित्येक मैल एल्बे त्याच बाजूने सोबत करते. तुमच्या मित्रांचा शेंगेन व्हिसा चेकियातही चालतो, पण पासपोर्ट हॉस्टेलवर ठेवून जाऊ नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली असून परतीच्या गाडीत पोलीस हमखास चढतात. तुम्हीही निवासाचा परवाना जवळ ठेवा.

प्रतिसाद – ३

मी शाकाहारी आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. येथे मांस नसलेले पुष्कळ मिळते, अडचण अंड्याची आहे. बटाट्याच्या किसाची धिरडी, क्वार्क (चक्क्यासारखे मऊ चीज) घालून तळलेले गोड वडे, प्रागमधले तळलेले चीज या तिन्हींत बहुधा अंडे असते आणि विक्रेत्याला विचारल्याशिवाय ते कळत नाही. फलाफल, भाजलेला बटाटा आणि पाव-चीज यांवर दिवस निघतो. ‘व्हेगन’ असे लिहिलेले दिसले की निर्धास्त खावे, कारण त्यात अंडे नसते. नॉयश्टाटमध्ये अशी दुकाने गल्लोगल्ली आहेत. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवा. पेंटेकॉस्टचा सोमवारही सुट्टीचा असल्याने त्या वेळी दोन दिवसांची तजवीज लागेल.

मित्र खाऊ आणणार असतील तर त्यांना सांगा की युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे. चटण्या, मेतकूट, भाजणी आणि चिवडा यांना कोणी हरकत घेत नाही.

प्रतिसाद – ४

पॅरिसच्या यादीवाल्या मित्राची बाजू कोणी मांडलेली दिसत नाही, म्हणून मी मांडतो. कदाचित त्याला युरोपात पुन्हा यायला मिळणारही नाही आणि आपण सर्वजण त्याला दगड आणि किल्ले दाखवायला निघालो आहोत. त्याला एखादे महानगर द्या. बर्लिन वेगवान गाडीने दोन तासांवर आहे. संसदेच्या काचेच्या घुमटात प्रवेश विनामूल्य असतो, मात्र नावनोंदणी आधी करावी लागते आणि सुट्टीच्या दिवसांतल्या वेळा लवकर भरतात. ज्या दिवशी तुमचे प्रयोगशाळेचे काम असेल, त्या दिवशी तिघांनी आपले आपण बर्लिनला जावे, हे उत्तम.

आणि ड्रेस्डेनच्या राजवाड्यातील ‘नवे हरित दालन’ चुकवू नका. तिथे डिंगलिंगर नावाच्या सोनाराने १७०१ ते १७०८ या काळात घडवलेला औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार आहे. सोने, मीनाकारी आणि हजारो हिरे वापरून केलेला, टेबलावर मावेल एवढा. गंमत पाहा, सोनार येथे कल्पनेने हा वैभवशाली दरबार सजवत होता तेव्हा खरा औरंगजेब सह्याद्रीत सिंहगड, राजगड आणि तोरण्याला वेढे घालत फिरत होता आणि काम पुरे होण्याआधीच, १७०७ साली, अहिल्यानगरजवळ वारला. ते गड पायी चढलेल्या माणसांनी ही वस्तू पाहावी यात मला फार औचित्य वाटते. राजवाडा मंगळवारी आणि जुन्या चित्रांचे संग्रहालय सोमवारी बंद असते, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. बास्टायला दोन वाटांनी जाऊन पुलावर भेटण्याची कल्पना आज तिघांना कळवली आणि गुडघेवाल्या मित्राने बसमधला सोबती म्हणून परस्पर पॅरिसवाल्याची निवड जाहीर केली आहे. बर्लिनचा दिवसही ठरला. घुमटाची नोंदणी त्यांनी स्वतःच करायची आहे. औरंगजेबाच्या दरबाराबद्दल मला येथे राहूनही काहीच ठाऊक नव्हते, तो शहरातल्या पहिल्याच दिवशी पाहणार आहोत. ग्योर्लित्स मात्र गळण्याच्या बेतात आहे.

एक शंका उरते. क्योनिगश्टाइनहून परत येताना रेल्वेऐवजी एल्बेवरून चाकांच्या जुन्या वाफेच्या बोटीने ड्रेस्डेनला यावे, असे वाटते. त्याला वेळ फार लागतो का?

प्रतिसाद – २ यांचे उत्तर

वेळ लागतो, काही तास धरून चाला. परंतु ड्रेस्डेनकडे येताना बोट प्रवाहाबरोबर चालत असल्याने उलट दिशेपेक्षा बराच कमी लागतो. पिल्निट्सच्या राजवाड्याशी उतरून पुढे शहराच्या बसने आलात तर आणखी वाचेल. पाऊस कमी झाला असेल तर नदीचे पाणी उतरते आणि फेऱ्या रद्द होतात, म्हणून तिकीट आदल्या दिवशी पाण्याची पातळी पाहूनच काढा. ग्योर्लित्स गाळू नका. नायसे नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की तुम्ही पोलंडमध्ये असता, म्हणजे मित्राच्या यादीत एक देश वाढेल आणि त्याची तक्रारही मिटेल.