उन्हाळ्यात कुत्र्याला उद्यानात फिरवताना
पाणी सोबत असलं की भर दुपारीही बिनधास्त न्या, असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना. अंग गार करायचं ते धापा टाकूनच. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. सकाळी लवकर जा.

आणि हो, तळ्यावर निळसर-हिरवा तवंग दिसला तर पट्टा सोडूच नका! त्यातलं विष जिवावर बेतू शकतं.

घरी आल्यावर कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्या उघडून बघा. वाळक्या गवताची कुसळं तिथे रुततात, कातडीत शिरतात आणि आत आत सरकत जातात. एकच पाय सारखा चाटत बसला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.