भावंडांचा बँड, गाणी मात्र सगळी ताईची: नाव आणि पैसे कसे वाटायचे?

घोडबंदर_जॅम: आम्ही तिघं भावंडं, कासारवडवलीला राहतो. ताई गाते, गिटार वाजवते, शब्द-चाल तिचीच. मी बेसवर, धाकटा (वय 17) ड्रम्सवर. 4 गाण्यांचा ईपी पुढच्या महिन्यात काढायचाय. रिलीज ताईच्या नावाने की बँडच्या? सगळं समान वाटून घेतलं तर पुढे भानगड होईल का? आणि फ्लॅटमध्ये ड्रम्सचं काय करायचं? खालचे काका वैतागलेत.

रिव्हर्ब_राव: समान वाटणी कशाची, ते आधी ठरवा. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा. मास्टर कायद्याने निर्मात्याचा, म्हणजे मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा. तिघं मिळून करताय तर तसा कागद हवा. रचना ताईची, मास्टर तिघांचा सारखा, शोचं मानधन टेम्पो आणि सरावाचं भाडं वजा करून समान, हे मला सरळ वाटतं. प्रत्येक गाण्याचं वेगळं स्प्लिट शीट करा: नाव, टक्के, तारीख, सही. अपलोड करायच्या आधी. पैसे यायला लागले की कोणालाच काही आठवत नाही.

ताईने गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी) सभासदत्व घ्यावं. नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. उद्या एखाद्या लेबलने रचनेचे हक्क मागितले, तरी 2012 च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तिचा हिस्सा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणालाही लिहून देता येत नाही. सगळ्या हक्कांवर पाणी सोडायला लावणारं कलम दिसलं तर हे दाखवा.

डबलकिक_डोंबिवली: रचना पूर्ण ताईची हे मला पटत नाही. शब्द 50, चाल 50 धरा. मुखड्याची धून बेसवर सुचली असेल तर चालीच्या 50 मधून तुम्हाला हिस्सा मिळायला हवा. ड्रमचा ताल सहसा रचनेत धरत नाहीत, म्हणून धाकट्यासाठी मास्टरमधला हिस्सा महत्त्वाचा.

नाव बँडचंच ठेवा, आणि बाहेरची कामं ज्याची त्याला करता येतील असं लिहून ठेवा. हाइम या तीन बहिणींच्या अमेरिकी बँडमधली डॅनिएल पहिल्या अल्बमच्या (2013) आधी स्ट्रोक्स बँडचा गायक ज्युलियन कॅसाब्लांकासच्या दौऱ्यात गिटार वाजवत होती. बँड तिघींचाच राहिला. किम डील जुळ्या बहिणीबरोबर ब्रीडर्स हा बँड चालवते, पण 2024 चा एकल अल्बम तिने स्वतःच्या नावावर काढला.

अपलोड करताना मुख्य कलाकाराच्या रकान्यात फक्त बँडचं नाव टाका. ताईचं नावही तिथे घातलं की तिचं वेगळं प्रोफाइल तयार होतं आणि श्रोते दोन ठिकाणी विखुरतात. तिचं नाव गीतकार-संगीतकार रकान्यात. गाणं डिस्ट्रिब्युटरकडे (स्पॉटिफायसारख्या अ‍ॅप्सवर गाणी पोहोचवणारी कंपनी) 3-4 आठवडे आधी द्या. स्पॉटिफायला पिच (प्लेलिस्टसाठी गाणं सुचवणं) रिलीजच्या किमान 7 दिवस आधी गेलं नाही तर फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये तुम्ही निवडलेलं गाणं जाईल याची खात्री नाही. आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना नवा क्रमांक पडला तर जुने प्ले तुटतात.

घोडबंदर_जॅम: धाकट्याची सही चालेल? आणि पैसे ताईच्या खात्यात घेतले तर?

रिव्हर्ब_राव: नाही चालणार. 18 च्या आतल्या मुलाचा करार 1872 च्या कायद्याने रद्दबातल. आई किंवा बाबा पालक म्हणून सही करतील. 18 पूर्ण झाल्यावर नव्याने त्याची घ्या. भागीदारी फर्म केलीत तर तोवर तो भागीदार होऊ शकत नाही, सगळ्यांच्या संमतीने फक्त लाभात घेता येतो. ताईच्या खात्यात घेतलंत तर टीडीएस तिच्याच पॅनवर दिसेल आणि सगळं उत्पन्न तिचंच धरलं जाईल. शोचं बिल ज्याचं त्याने वेगळं दिलेलं बरं.

कोपरीकर: ड्रम्सबद्दल. हवेतून जाणारा आवाज मेश हेडच्या (जाळीचं तोंड असलेल्या) इलेक्ट्रॉनिक किटने आटोक्यात येतो. काकांना छळतो तो किक पेडलचा धक्का, तो स्लॅबमधून उतरतो. फोम नि अंड्यांचे ट्रे त्याला काही करत नाहीत, ते फक्त खोलीतला घुमारा कमी करतात (तरी लोक भिंतभर चिकटवतात!). 18 मिमी प्लायच्या दोन पाट्या घ्या. खालच्या पाटीला दर 25-30 सेंमीवर 5 सेंमी व्यासाची भोकं पाडा, त्यात टेनिस बॉल बसवा, वर दुसरी पाटी. पेडल आणि स्टूलखाली बॉल जास्त. क्रिकेटचा हार्ड टेनिस बॉल नको, तो दबत नाही. पाटी भिंतीला टेकली की सगळी मेहनत वाया, धक्का तिथून जातो.

बेस आणि गिटार थेट छोट्या मिक्सरमध्ये, तिथून चार चॅनेलच्या हेडफोन अॅम्पला. लॅपटॉपमधून ऐकणार असाल तर 48 किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो ते आवाजाचे नमुने) 128 ठेवा, म्हणजे एका बाजूला 2.7 मिलिसेकंद उशीर. 512 वर तेच 10.7 होतात, येण्याजाण्याचे मिळून दुप्पट, आणि ड्रमर मागे पडतोय असं वाटून तुम्ही उगाच त्याच्यावर ओरडता.