शिकवण्यावर भर असलेले अभियांत्रिकी प्राध्यापकपद कसे भरावे? अर्ज, डेमो तास, कार्यभार

बलाघूर्ण (प्रश्न विचारणारे; पुढची शीर्षके म्हणजे लिहिणाऱ्यांची टोपणनावे)

सरकारी विद्यापीठाच्या यंत्र अभियांत्रिकी विभागासाठी एक पूर्णवेळ, पुढे कायम होऊ शकणारे प्राध्यापकपद मंजूर झाले आहे. मुख्य काम शिकवण्याचे आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे सुमारे २०० विद्यार्थ्यांचे वर्ग, प्रयोगशाळेची घडी बसवणे आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे संयोजन. संशोधनाला मनाई नाही, पण बढती त्यावर अवलंबून नसेल.

अडचण अशी की निवड समितीतले पाचही जण संशोधनातले आहेत. पेपर मोजता येतात, शिकवणे कसे मोजायचे? विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे आकडे मागवावेत का? डेमो तास ठेवला तर तो नाटकी होऊ नये म्हणून काय करावे? जाहिरात अजून निघालेली नाही, त्यामुळे सगळेच बदलता येईल.

समतोल

जाहिरात निघालेली नाही हे फार बरे झाले. सरकारी विद्यापीठात ती निघाल्यावर निकष हलवता येत नाहीत, आणि हलवले तर नाकारलेला उमेदवार दाद मागू शकतो. 'अध्यापनातील उत्कृष्टता' एवढेच लिहिले की त्यात काहीही बसते, आणि मग चर्चा फिरून फिरून पेपरांच्या संख्येवर येते. त्याऐवजी कामच लिहा: दर सत्रात किती विषय, वर्ग केवढा, प्रयोगशाळेच्या किती बॅचेस, किती शिक्षण साहाय्यकांवर देखरेख. अनिवार्य आणि इष्ट अर्हता वेगळ्या ठेवा. जुन्या जाहिरातीतून मजकूर उचलताना 'अमुक वर्षांचा स्वतंत्र संशोधनाचा अनुभव' ही ओळ सोबत येते, ती आधी खोडा. या पदासाठी योग्य असलेली माणसे त्या ओळीपाशीच थांबतात.

अर्जासोबत दोन पानी अध्यापन-निवेदन मागवा. पण खरी माहिती एका विषयाच्या संचातून मिळते. त्यात अभ्यासक्रम, एक असाइनमेंट, परीक्षेतला एक प्रश्न, त्याचे नमुना उत्तर व गुणांची विभागणी, आणि अर्धे पान: पुढच्या वेळी यात काय बदलले आणि का. या अर्ध्या पानावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नुकतीच पीएचडी झालेल्यांनी स्वतःचा विषय शिकवलेला नसतो, म्हणून ट्युटोरियलचा किंवा प्रयोगाचा संच चालेल असे जाहिरातीतच नमूद करा. नाहीतर आधीच नोकरीत असलेल्यांचेच अर्ज येतील.

निवेदन वाचताना 'विद्यार्थीकेंद्रित', 'संकल्पना पक्क्या करणे' असल्या शब्दांना गुण नकोत. उमेदवाराने एखादी नेमकी चूक ओळखली आहे का, ते शोधा. 'वस्तू घसरायच्या बेतात नसली तरी विद्यार्थी घर्षणबल सरसकट म्यू (घर्षण गुणांक) गुणिले लंब प्रतिक्रिया असे धरतात, म्हणून मी पहिली तीन गणिते अशी देतो की तसे धरल्यास उत्तर चुकते', हे वाक्य वर्गात उभे राहिलेल्या माणसाचे आहे.

अभिप्रायाच्या आकड्यांबद्दल: ते मागवू नका, आणि आले तरी क्रम लावायला वापरू नका. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना तुकड्या चिठ्ठी टाकल्यासारख्या वाटल्या जातात आणि परीक्षा सर्वांना एकच असते. तिथल्या नोंदींवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की कॅल्क्युलसच्या पहिल्या विषयात ज्यांचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत आणि शिक्षकालाही चांगला अभिप्राय देत, त्यांचेच विद्यार्थी पुढच्या विषयांत तुलनेने मागे पडत. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या एका मेटा-अॅनालिसिसमध्येही अभिप्रायाचे गुण आणि प्रत्यक्ष शिकणे यांच्यात दखल घेण्याजोगा संबंध सापडला नाही. तुमच्या पदाला हे थेट लागू आहे, कारण स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरील बलांचा विषय) कच्चे राहिले तर ते यंत्ररचनेच्या विषयात उघडे पडते आणि तोवर अभिप्रायाचा फॉर्म भरून झालेला असतो. विद्यार्थ्यांनी शब्दांत लिहिलेले मात्र वाचण्यासारखे असते. 'उत्तरपत्रिका पाच आठवड्यांनी मिळाल्या' असे तीन सत्रांत सलग आले तर ती माहितीच आहे.

तुळई

डेमो तासाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथे होते.

विषय समितीने द्यावा, दहा दिवस आधी, आणि दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा. उमेदवाराला निवडू दिला तर तो स्वतःच्या प्रबंधातले काहीतरी आणतो आणि तुम्ही शिकवणे सोडून संशोधनाचे सादरीकरण ऐकता. ३५ मिनिटे तास, १५ मिनिटे समितीशी चर्चा. समोर १५ ते २० खरे विद्यार्थी, ज्यांचे आधीचे विषय झाले आहेत. प्राध्यापक मागच्या बाकांवर, गप्प. विद्यार्थ्याची भूमिका करणारा प्राध्यापक असे प्रश्न विचारतो जे कुठलाही विद्यार्थी विचारत नाही.

एक फसगत हमखास होते. विषय एकच आणि विद्यार्थीही तेच ठेवले, तर तिसऱ्या उमेदवाराच्या वेळी वर्गाला उत्तर पाठ झालेले असते आणि तो उगाच उत्तम शिक्षक ठरतो. दर उमेदवाराला नवा गट द्या. विद्यार्थी तेवढे नसतील तर सारख्या अवघडपणाचे तीन विषय ठरवा आणि कोणाला कोणता ते चिठ्ठीने काढा. तासाच्या शेवटी चाचणी घेऊन आकडे ताडून पाहण्याच्या फंदात पडू नका, १५ जणांच्या गुणांवरून काही सिद्ध होत नाही.

काय पाहायचे ते उदाहरणाने सांगतो. विषय घर्षण: गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी, खाली खडबडीत जमीन. उमेदवार फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बले बाणांनी दाखवणारी आकृती) काढायला दोन मिनिटे देतो. हटकून दोन चुका निघतात. काही जण भिंतीची प्रतिक्रिया शिडीच्या दिशेने तिरकी काढतात, काही जण पायथ्याचे घर्षण भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दाखवतात, कारण शिडी तिकडे घसरते. एक उमेदवार ती दोन मिनिटे फळ्यापाशी घड्याळाकडे पाहत उभा राहतो आणि मग स्वतःची बरोबर आकृती काढतो. सगळे ती उतरवून घेतात, चूक मनात तशीच राहते. दुसरा बाकांमधून फिरतो, वह्यांतून घर्षणाचे दोन उलटे बाण टिपतो आणि कोणाचे ते न सांगता दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी काढतो. हात वर करायला लावतो, मग विचारतो, 'जमिनीवर तेल सांडले तर पायथा कुठे पळेल?' उत्तर वर्गातूनच येते. मुद्दा तोच, पाच मिनिटे जास्त गेली, आणि उदाहरण पूर्ण झाले नाही. समितीतला कोणी 'पोर्शन संपला नाही' म्हणून गुण कापतोच. ते होऊ नये म्हणून गुण देण्याच्या तक्त्यात आधीच लिहून ठेवा की विद्यार्थ्यांची चूक बाहेर काढून ती हाताळणे याला 'उदाहरण पूर्ण करणे' यापेक्षा जास्त वजन आहे.

हे आवडीनिवडीचे नाही. विज्ञान-अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांच्या २०१४ च्या एकत्रित विश्लेषणात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना वर्गात काही करायला लावणाऱ्या पद्धतींत २१.८ टक्के.

संशोधनातल्या सदस्यांना 'छान वाटले' याच्या पलीकडे न्यायचे असेल तर प्रत्येकाला एक कोरा कागद द्या. दर दोन मिनिटांनी दोन नोंदी: शिक्षक काय करतोय, विद्यार्थी काय करताहेत. 'कोपस' या निरीक्षणपद्धतीतही दोनच मिनिटांचे टप्पे असतात. ३५ मिनिटांच्या कागदावर विद्यार्थ्यांच्या रकान्यात सतरा वेळा 'ऐकताहेत' आले की वेगळी चर्चा लागत नाही.

लघुगुणक

तुळई यांच्याशी बराचसा सहमत, पण डेमो तासाला निम्म्याहून जास्त वजन देऊ नका. मोठा आवाज, मोकळा स्वभाव, हजरजबाबीपणा यांची तिथे चलती असते, आणि या नोकरीतले बरेचसे काम वर्गाबाहेर चालते. म्हणून दुसरी कसोटी तपासणीची ठेवा.

नाव काढून टाकलेल्या तीन खऱ्या उत्तरपत्रिका, एकच दहा गुणांचा प्रश्न, ४० मिनिटे. गुणांची विभागणी उमेदवारानेच करायची आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दोन ओळींचा शेरा लिहायचा. पत्रिका विचारपूर्वक निवडा. एकीत पहिल्याच पायरीला आधाराची प्रतिक्रिया चुकलेली, पण तिथून पुढची रीत बिनचूक. दुसरीत अंतिम उत्तर बरोबर, पण आकृती नाही, एकके नाहीत. तिसरी अर्धवट सोडलेली, तरी मांडणी समजून केलेली. पहिलीत दर पायरीला गुण कापणारा उमेदवार एकाच चुकीची शिक्षा चार वेळा करतो. त्याला कारण विचारा. कारण पटण्याजोगे असेल तर तेही नोंदवा. 'नीट अभ्यास करा' हा शेरा शून्य गुणांचा, 'ए भोवतीच्या बलाघूर्णात बी पाशीचे बल धरायचे राहिले' हा पूर्ण गुणांचा.

बलाघूर्ण

तपासणीची कल्पना फार आवडली, घेतोच आहे. अजून दोन गोष्टी सांगा. गुणपत्रक समितीने एकत्र भरावे की वेगवेगळे? आणि कार्यभार जाहिरातीत आकड्यांत लिहिला तर उमेदवार बिचकतील, अशी विभागात भीती आहे.

समतोल

वेगवेगळे, आणि चर्चेच्या आधी. शून्य ते चार पुरेत, पण दोन म्हणजे काय आणि चार म्हणजे काय हे वाक्यात लिहिलेले हवे. सही करून पत्रक अध्यक्षांकडे दिल्यावरच तोंड उघडायचे. चर्चेनंतर गुण बदलता येतील, मात्र कारण लिहून. एरवी सर्वांत ज्येष्ठ सदस्य पहिला बोलतो आणि बाकीचे आकडे त्याच्या मागे जातात. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. कोणाचा मार्गदर्शक, सहलेखक किंवा नातेवाईक समितीत असेल तर अर्जांची यादी हाती पडताच लेखी कळवावे आणि बाजूला व्हावे. ही सगळी पत्रके जपा, माहिती मागितली गेली तर तीच तुमची बाजू मांडतात.

तुळई

कार्यभाराचे आकडे लिहाच. आधी स्वतः हिशेब करून पाहा. २०० विद्यार्थी, सहा असाइनमेंट, प्रत्येकी पाच मिनिटे: एका विषयाच्या नुसत्या तपासणीचे १०० तास. २० जणांची बॅच धरली तर प्रयोगशाळेच्या दहा बॅचेस, दोन तासांची एक, म्हणजे आठवड्याला २० तास. शिक्षण साहाय्यक नसतील तर हे पद एका माणसाचे नाहीच. कोणी बिचकणार असेल तर त्याने रुजू होऊन सहा महिन्यांनी सोडून जाण्यापेक्षा आत्ता बिचकलेले परवडते.

बढतीचे निकष नेमणूक होण्याआधी लिहून मंजूर करून घ्या. असे पद द्यायचे आणि पाच वर्षांनी फाइल संशोधनाच्याच तक्त्यावर तपासायची, हा माणसावर सरळ अन्याय आहे. पदनाम आणि मतदानाचा हक्क यांचेही तसेच. टोरंटो विद्यापीठात 'टीचिंग स्ट्रीम'मध्ये, म्हणजे शिकवण्यावर भर असलेल्या पदांत, सहायक, सहयोगी आणि पूर्ण प्राध्यापक अशी शिडी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या याच प्रकारच्या कायम शिक्षकांना अकॅडेमिक सिनेटचे (शैक्षणिक निर्णयांतल्या प्राध्यापकांच्या मंडळाचे) सदस्यत्व असते. विभागाच्या बैठकीत हात वर करता येत नसेल तर अभ्यासक्रम सुधारण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकून उपयोग नाही.

नेमणूकपत्रात आणखी दोन ओळी मागून घ्या. पहिल्या सत्रात एकच विषय, आणि तोच विषय सलग किमान तीनदा. पहिल्यांदा शिकवताना टिपणे तयार होतात, दुसऱ्यांदा चुका कळतात, तिसऱ्यांदा संच खरा सुधारतो. दरवर्षी नवा विषय गळ्यात घातला तर चांगला शिक्षकही कायम पहिल्याच फेरीत अडकतो.