डोस वाढवायच्या आधी गिरण बघा

सिलियॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं खराब होतं तो आजार) असलेल्या एका ताईंनी विचारलंय की चपाती बंद करून वर्ष झालं, लोहाच्या गोळ्या पण चालू आहेत तरी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) वर येत नाही, तर डोस दुप्पट करावा का. मला नाही पटत. लोह आणि फोलेट (गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड) मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सिलियॅकमध्ये नेमका तोच भाग खराब झालेला असतो, तो भरून आला नसेल तर जास्तीच्या गोळीने फक्त पोट बिघडतं. तरी नाहीच चढलं तर शिरेतून लोह देतात, ते डॉक्टर ठरवतील.

पण आतडं भरून का येत नाही ते आधी बघा ना. आपल्या बेळगाव-खानापूरकडे सगळ्यांना वाटतं जोंधळ्याची नाहीतर नाचण्याची भाकरी खाल्ली की झालं, पण ते पीठ दळून येतं गल्लीतल्या गिरणीतून, गव्हाच्या पाठोपाठ, म्हणजे त्यात गव्हाचं पीठ मिसळतंच! माझ्या बहिणीचं हेच चाललेलं. घरघंटी घेतली, त्यात गहू घालायचाच नाही, आणि हिंग बदलला (बाजारच्या बऱ्याच हिंगात मैदा असतो, डबीवर वाचा), मग हळूहळू टीटीजी (सिलियॅकची रक्ततपासणी) उतरला आणि त्याच जुन्या गोळीने हिमोग्लोबिन चढलं. आणि हो, बी१२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेत बसू नका, रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर नको, मध्ये दोनेक तास जाऊ देत, आणि लोहावर लगेच चहा तर अजिबातच नको, आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड.