रविवारी गोळ्यांची पिशवी घेऊन या

बी-१०४ (फार्मासिस्ट): नमस्कार. रविवारी सकाळी १० ला खाली पार्किंगमध्ये बीपी, शुगर, थायरॉइडवाल्यांची औषधं बघायला बसतो. यादी नको. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, काढे-चूर्ण आणि गुडघेदुखीची गोळीसुद्धा. सोबत चिठ्ठ्या आणि ताजे रिपोर्ट.

सी-२०१: आईला जिना उतरवत नाही. फोटो टाकले तर चालतील?

बी-१०४: चालतील, पण पट्टीच्या मागचे. घटक तिथे बारीक अक्षरात असतात. इथल्या डॉक्टरांनी बीपीचं टेल्मिसार्टन दिलं, मुंबईला मुलाकडे गेल्यावर तिथे टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन (हेही बीपीचंच) यांची एकत्र गोळी मिळाली. पट्टीवरची कंपनीची नावं वेगळी म्हणून दोन्ही चालू राहतात. टेल्मिसार्टन डबल, उठताना चक्कर, मग चक्करेची तिसरी गोळी! अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजले की लघवीची गोळी सुरू होते, तीही तशीच.

ए-३०२ (रिटायर्ड सिस्टर): आणि डायक्लोफेनॅक, ती दुखण्यावरची गोळी. त्याला कुणी औषध धरतच नाही. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वर डायक्लोफेनॅक, त्यात जुलाब लागले की किडनीचं काही खरं नाही.

बी-४०३: दादा, सासूबाईंचा आठवड्याचा डबा भरते, तोच आणू?

बी-१०४: आणा वहिनी, पण गोळ्या सोलून भरू नका. आपल्या पावसात पापडासारख्या सादळतात. पट्टी कात्रीने कापून तुकडाच कप्प्यात ठेवा आणि एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटी वापरा. दुकानातून ४ गोळ्या कापून आणल्या की ते टोक बहुधा दुकानातच राहतं.

ए-३०२: इन्सुलिनवाल्यांनी सिरिंजही आणा.

बी-१०४: हो, हे महत्त्वाचं. वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, बहुतेक ४० युनिट प्रति मिलीची, पेनचं कार्ट्रिज १०० चं. सिरिंजचं लाल टोपण ४० चं, केशरी १०० चं. ४० च्या सिरिंजने १०० चं औषध २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात. उलट केलं तर जेमतेम ८.

सी-२०१: लाइट गेली की इन्सुलिन मडक्यात ठेवतो, बरोबर ना?

बी-१०४: देशावर ठीक. आपल्या दमट हवेत मडकं तेवढं गार पडत नाही. लाइट गेल्यावर फ्रिज उघडूच नका. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फुकट गेलं. चालू वायल बहुतेक ४ आठवडे बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. तारीख पेनाने वायलवरच लिहा.

ए-१०१: डोस कमी करून द्याल का?

बी-१०४: नाही काका, तो डॉक्टरांचा अधिकार. काय दुबार आहे, काय एकमेकांशी जमत नाही, ते कागदावर लिहून देतो. तो कागद त्यांना दाखवा. संकष्टी करणाऱ्यांनी शुगरच्या ग्लिमेपिराइड गोळीचंही त्यांना आधीच विचारा, गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत उपाशी राहू नका.

सी-२०१: ६ फोटो टाकले.

बी-१०४: तिसऱ्यात पट्टी चमकतेय, काही वाचता येत नाही. फ्लॅश बंद करून परत काढा.